पुरातला एक मुडदा जास्तीचा (थ्रिलरचा प्लॉट तपासून द्या)

तापीकाठचा
राम राम मंडळी. मी भुसावळचा, रेल्वेत नोकरी, रात्रपाळीला मोकळा वेळ मिळाला की लिहितो. दोन-तीन कथा दिवाळी अंकांत आल्या, त्यापलीकडे काही नाही. आता एक मोठी थ्रिलर डोक्यात घेतलीय आणि तिनं झोप उडवलीय, म्हणून हा धागा.

गोष्ट घडते ऑगस्ट 2005 मध्ये, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला. कॅटरिना हरिकेन येतंय. 28 तारखेला रविवारी मेयरनं शहर सोडायचा हुकूम काढला, ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते गेले, नव्हत्या ते बरेचसे राहिले. लोअर नाइन्थ वॉर्ड म्हणून एक गरीब वस्ती आहे, तिथं त्या रात्री एका म्हाताऱ्याचा उशीनं तोंड दाबून खून होतो आणि खुनी मुडदा तसाच पलंगावर ठेवून निघून जातो, कारण सकाळी पाणी येणार आणि मग शेकडो मेलेल्यांत हा एक, कोण विचारतंय. पुढं शोधपथकं येतात तेव्हा ती घरोघर स्प्रेनं फुली मारत जातात (हे खरं आहे, फुलीच्या वरच्या खणात तारीख, डावीकडे पथकाचा कोड, उजवीकडे धोका काय तो, खाली किती माणसं सापडली). तर माझा खुनी होडीतून परत येतो आणि स्वतःच त्या दारावर फुली मारतो, खाली शून्य. झालं, आता त्या घरात कोणी शिरणार नाही.

संशयित तीन. म्हाताऱ्याचा पुतण्या, शेजारी आणि वस्तीतल्याच एका छोट्या मोटेलचा मॅनेजर, जो आपल्या खान्देशातून गेलेला आहे. म्हाताऱ्यानं त्याला पैसे दिलेले असतात. खुनी कोण हे अजून माझंच ठरलेलं नाही, हसू नका. कुठं गळतंय ते सांगा.

शेवभाजी
वाची राह्यनू भो. फुलीवाली आयडिया एक नंबर.

पाटाचं पाणी
मी पाटबंधारेत होतो, रिटायर झालो. पहिल्याच पानावर गळतंय तुमचं. "सकाळी पाणी येणार" हे खुन्याला कसं माहीत? वादळ येणार हे सगळ्यांना माहीत होतं, पूरभिंत फुटणार हे कोणाला? न्यू ऑर्लिन्स पावसानं किंवा वाऱ्यानं बुडालं नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. शहर वाटीसारखं, निम्मं समुद्रसपाटीच्या खाली, भोवती बांध आणि कालव्यांना भिंती. त्या भिंती फुटल्या म्हणून जवळजवळ 80 टक्के शहर पाण्यात गेलं. सेव्हन्टीन्थ स्ट्रीट कॅनॉलची भिंत तर पाणी वरून जायच्या आधीच सरकली, पायाखालची माती मऊ होती. ज्यांनी बांधल्या त्या लष्कराच्या इंजिनिअर खात्यानं पुढच्या वर्षी कबूलही केलं की डिझाइनच चुकलं. माझ्या मते तुमचा खरा आरोपी तिथंच बसलाय पण ते तुम्हाला कादंबरीत झेपायचं नाही.

तापीकाठचा
साहेब मुद्दा मान्य, पण याला उत्तर आहे माझ्याकडे. 1965 ला बेट्सी नावाचं हरिकेन आलेलं तेव्हाही हाच लोअर नाइन्थ बुडाला होता. तेव्हापासून तिथले जुने लोक माळ्यावर कुऱ्हाड ठेवायचे, पाणी चढलं तर छत फोडून बाहेर पडायला. म्हणजे वस्तीतल्या माणसाला भीती होतीच. खुनी हमखास म्हणून नाही, जुगार म्हणून खेळतो. नाहीच आलं पाणी तर हार्ट अटॅक म्हणायचं, म्हातारा माणूस.

पाटाचं पाणी
जुगार म्हणत असाल तर चालेल. मग लिहा की इंडस्ट्रियल कॅनॉलची भिंत सोमवारी सकाळी आठच्या आत फुटली आणि त्या भगदाडातून एक अख्खा लोखंडी बार्ज (माल वाहायची मोठी सपाट होडी) वस्तीत घुसला, घरांवर जाऊन बसला. सावकाश चढणारं पाणी नव्हतं ते. पहिल्या काही गल्ल्यांतली घरं पायासकट उचलली गेली. म्हाताऱ्याचं घर कालव्यापासून जरा लांब ठेवा नाहीतर दारही राहणार नाही आणि फुली मारायला जागाही.

अमेरिकेतली अहिराणी
मी मूळ शिरपूरची. 2005 ला ह्यूस्टनला शिकत होते. न्यू ऑर्लिन्सहून बसेस भरभरून लोक आणले आणि अ‍ॅस्ट्रोडोम स्टेडियममध्ये ठेवले, आम्ही विद्यार्थी कपडे लावायला, फॉर्म भरायला जायचो. एक आजी होत्या, त्यांच्याजवळ हातात फक्त चष्म्याची केस, आत चष्मा नाही. त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या की आम्ही वर गेलो, वर गेलो, अजून वर गेलो. भाऊ, तुमच्या प्लॉटमध्ये मला हेच खटकलं. ज्या माणसानं बेट्सी पाहिलंय, ज्याच्या माळ्यावर कुऱ्हाड आहे, तो पाणी आल्यावर खाली पलंगावर कसा सापडतो? पाणी आलं की माणूस वर जातो. पलंगावरचा मुडदा हाच पुरावा आहे की पाणी यायच्या आधीच तो गेला होता.

सुरतकर खान्देशी
ताईंचं शंभर टक्के खरं. ऑगस्ट 2006 ला सुरतला तापी घुसली तेव्हा आम्ही अडाजणला भाड्यानं होतो, तळमजला. पाणी पायरीला लागलं तशी आईनं पहिलं काय उचललं असेल तर गॅसची शेगडी आणि देवघरातला टाक. मग गच्ची. बिल्डिंगमधली सगळी गच्चीवर, एक लकवा झालेले काका होते त्यांना खुर्चीसकट चौघांनी वर नेलं. कोणी खाली राहिलंच नाही. आणि गंमत म्हणजे वर मोकळ्या आभाळाखाली बसून आम्ही विचार करत होतो की इथं एवढा पाऊस नाही तर हे पाणी आलं कुठून. ते आपल्याच गावाकडचं होतं, खान्देशातून वाहून उकाई धरणात भरलेलं.

तापीकाठचा
अरे देवा. कुऱ्हाड मी नुसतं वातावरण म्हणून टाकली होती. ताई, तुम्ही तिचा पुरावा केलात. माळ्यावर कुऱ्हाड जागच्या जागी, गंज चढलेली, आणि माणूस खाली.

डॉ. अर्धवट
फॉरेन्सिकवाला आहे, धुळ्याला शिकलो. उशीनं गुदमरवलं हे पाण्यात कुजलेल्या बॉडीत सापडणं फार अवघड. जिवंत बुडालेल्याच्या नाकातोंडाशी पांढरा बारीक फेस असतो, श्वासनळीत गाळ असतो, पण आठवडा-दोन आठवडे ऑगस्ट-सप्टेंबरच्या उकाड्यात बॉडी राहिली तर फेसबिस काही उरत नाही. तिकडे सेंट गॅब्रिएल गावी तात्पुरतं शवागार उभारलं होतं, बऱ्याच जणांचं मरणाचं कारण नक्की सांगता आलंच नाही. म्हणजे तुमच्या खुन्याचा हिशोब वाईट नाही.

एक मार्ग आहे, डायटम. पाण्यातलं सूक्ष्म शैवाल, त्याचं कवच सिलिकाचं असतं म्हणून कुजत नाही. बुडताना माणूस पाणी ओढतो, काळीज चालू असतं, म्हणून ते रक्तातून हाडाच्या मगजापर्यंत जातं. मेलेल्याला पाण्यात टाकलं तर फुफ्फुसात जाईल पण मगजात जाणार नाही, कारण पंप बंद. यावर तज्ज्ञांत वाद आहेत, कोर्टात एकट्या डायटमवर कोणी फासावर जात नाही, पण डिटेक्टिव्हला संशय यायला पुरे.

शेवभाजी
मुडदा फ्रीजमध्ये ठेवला तर? तिकडे मोठे फ्रीज असतात म्हणे.

अमेरिकेतली अहिराणी
शेवभाजी, परतलेल्या लोकांनी सगळ्यात आधी फ्रीजच टेप गुंडाळून रस्त्यावर आणून ठेवले होते, आतल्या वासानं. हजारो फ्रीज. त्यांवर लोकांनी टोमणे लिहिलेले, सरकारला, हवामानाला. एक फ्रीज फार जड लागला की उचलणाऱ्याला कळणारच. नको.

केळीवाला रावेर
मला एक कळत नाही, आपण तापीच्या काठी बसून न्यू ऑर्लिन्सचा पूर कशाला काढतोय? रावेर-यावलात मे-जूनच्या वादळानं एका रात्रीत अख्खा बाग आडवा होतो, घड लागलेली खोडं मधोमध मोडतात, सकाळी बांधावर उभं राहिलं तर पलीकडच्याचं घर दिसतं जे वर्षभर दिसत नाही. त्या आडव्या बागेत एक माणूस पडलेला असू दे. त्याच्यावर खोड पडलंय का आधीच कोणी डोक्यात घातलंय? ही पण थ्रिलरच झाली ना भो.

तितूर
केळीवाले भाऊंना अनुमोदन. मी चाळीसगावचा. 31 ऑगस्ट 2021 ची पहाट सांगतो. रात्रभर डोंगरात पाऊस कोसळला, तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या एकदम फुगल्या, गावात दुकानांत पाणी, आजूबाजूच्या गावांत गोठ्यातली गुरं दावणीलाच गेली, कारण सोडायला वेळच मिळाला नाही. आणि त्याच रात्री कन्नड घाटात दरडी कोसळल्या, रस्ता बंद, गाड्या मधेच अडकल्या. वर दरड खाली दरड, अंधार, मोबाईलला रेंज नाही, ट्रका, एक एसटी, दोन-चार कार, आणि त्यातल्या एका कारमधला माणूस सकाळी जिवंत नाही. खुनी कुठं पळणार? बाहेरून कोणी आलेला नाही. खोलीला कुलूप लावल्यासारखंच झालं, फक्त खोली म्हणजे घाट.

तापीकाठचा
तितूर दादा ही तुम्हीच लिहा, मी नाही चोरणार. (चोरावीशी वाटतेय.)

वादळवेल्हाळ
हरिकेन म्हणजे चक्रीवादळच. अटलांटिकमध्ये झालं तर हरिकेन, पश्चिम पॅसिफिकमध्ये टायफून, आपल्याकडे सायक्लोन. ताशी 119 किमीच्या वर वारा गेला की हरिकेन. कॅटरिना समुद्रावर असताना कॅटेगरी 5 होतं, किनाऱ्याला लागताना 3. लेखकानं दुसऱ्या धाग्यावर "डोळा" नावाचं प्रकरण टाकलंय त्यात वस्तीवर वादळाचा डोळा येतो, सगळं शांत होतं आणि खुनी शांतपणे चालत निघतो. छान लिहिलंय पण चूक आहे. डोळा शहराच्या पूर्वेकडून गेला, मिसिसिपी राज्याच्या हद्दीकडे. शहरावर तशी शांतता पडलीच नाही. ते प्रकरण काढा.

तापीकाठचा
बावीस पानं होती हो ती. काढतो.

वकीलसाहेब
उशिरा आलो. तीन गोष्टी, तुम्हाला उपयोगी पडतील. एक, न्यू ऑर्लिन्सच्या फौजदारी कोर्टाच्या तळघरात मुद्देमाल ठेवलेला असायचा, तो पाण्यात गेला. बंदुका, रक्ताचे कपडे, पाकिटं, जुन्या केसेसचे पुरावे. तुमच्या डिटेक्टिव्हची आधीचीच एखादी केस त्यात बुडवा, म्हणजे ह्या केसला तो का चिकटतो ते कळेल.

दुसरी, पोलीस सगळे धुतल्या तांदळासारखे दाखवू नका. 4 सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी नि:शस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या, दोन मेले, चार जखमी, आणि मग खोटा पंचनामा म्हणतो तसा प्रकार केला, बंदूक आणून ठेवली. 2011 ला पाच पोलीस दोषी ठरले. आता मजा ऐका. 2013 ला जजनं ती शिक्षा रद्द केली आणि खटला पुन्हा चालवा म्हणाला, कशामुळं तर सरकारी वकीलच टोपणनावानं एका वर्तमानपत्राच्या साइटवर या नि अशा केसेसबद्दल कॉमेंटी टाकत होते. शेवटी 2016 ला त्या पोलिसांनी गुन्हा कबूल करून कमी शिक्षा घेतल्या. मी माझं खरं नाव इथं का लिहीत नाही ते समजलं ना.

तिसरी, उलट बाजूची. न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोम स्टेडियममध्ये, जिथं शहरात राहिलेले लोक आसऱ्याला होते, ढीगभर खून झाले, बलात्कार झाले अशा ज्या बातम्या तेव्हा जगभर गेल्या त्यातल्या बऱ्याचशा अफवा निघाल्या. अफवा हे पात्र म्हणून घ्या.

केळीवाला रावेर
अफवेवरून आठवलं. आम्ही लहान असताना गावात कोणीतरी ओरडलं, धरण फुटलं. सगळं गाव टेकडीवर, बाया पोरं काखेत मारून पळाल्या, माझी आजी चुलीवरची भाकरी तव्यासकट घेऊन आली होती. धरणाला काही झालं नव्हतं. खाली आलो तर तीन घरांतली भांडी आणि एकाची बैलजोडी गायब. पहिला कोण ओरडला ते आजपर्यंत कळलं नाही.

शेवभाजी
हे वाच ना तापीकाठच्या, ही खरी थ्रिलर शे.

पाटाचं पाणी
बरं आता मी पण केळीवाल्यांच्या पार्टीत. तापीवर का लिहीत नाही ते सांगा. हतनूर धरणाला 41 दरवाजे. वर बऱ्हाणपूरकडं नाहीतर पूर्णेच्या अंगानं विदर्भात पाऊस झाला की इथं कडक ऊन असतानाही दरवाजे उघडावे लागतात. पाणी केव्हा सुटणार, किती क्युसेकनं, हे आधी कळवतात, दवंडी, सायरन, मोबाईलवर मेसेज. म्हणजे इथला खुनी जुगार नाही खेळत, टाइमटेबल पाहून काम करतो. तुमच्या अमेरिकेतल्यापेक्षा हा जास्त थंड डोक्याचा.

आणि बॉडी टाकली तर जाते कुठं? भुसावळ, खाली गिरणेचा संगम, मग पाडळसे. (पाडळशाचं धरण पुरतं झालं असतं तर तिथंच अडकली असती, पण कितीतरी वर्षं काम चालूच आहे, त्यामुळे तुमचा खुनी सुटला.) मग मुडावदला पांझरा मिळते, सुलवाडे बॅरेज, सारंगखेडा, प्रकाशा. तिथून पुढं उकाई, गुजरात.

वकीलसाहेब
म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार आणि वर गुजरात. खून एका हद्दीत, बॉडी तिसऱ्या हद्दीत, मिसिंग कुठं चौथीकडेच दाखल. झीरोनं गुन्हा दाखल करून कागद फिरवत बसायचे. यात वाचकाला मजा येईल का माहीत नाही, मला येते.

पोलीस पाटील (खरोखरचा)
सगळं वाचलं. मी तापीकाठच्या एका गावचा पोलीस पाटील आहे, गावाचं नाव सांगत नाही. पुरात मुडदा असा सरळ प्रकाशापर्यंत वाहत जात नाही, हे साहेबांना माहीत असेल तरी सांगतो. पहिला बुडतो. मग वळणावर बाभळीत नाहीतर पुलाच्या खांबाला अडकतो, गाळात बसतो, दोन-तीन दिवसांनी फुगून वर येतो. पाणी ओसरलं की शेतात सापडतो, कपाशीच्या तासात सुद्धा. सापडला की मी ठाण्याला फोन करायचा, आमच्याकडे अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते, पंच म्हणून गावातलेच दोघं. काढायला पट्टीचा पोहणारा लागतो, तो ठरलेला आहे, त्याला आधी अर्धा चहा पाजावा लागतो.

एक सांगतो. काही वर्षांपूर्वी एक असाच आला. पन्नाशीचा. अंगावर बनियन आणि चड्डी, करदोड्याला कपाटाची किल्ली बांधलेली, गाठ अशी की ती रोजची नव्हती. कोणी ओळखलं नाही, आजूबाजूच्या ठाण्यांत बिनतारी गेली, फोटो लावले, कोणी आलं नाही. पूर होता म्हणून पुरातच गेला असं सगळ्यांनी धरलं, मी पण धरलं. पूर नसता तर मीच चार प्रश्न विचारले असते. तुमची खरी गोष्ट इथं आहे असं मला वाटतं. पुरात मेलेल्याला कोणी विचारत नाही कशानं मेला.

तापीकाठचा
पाटील, तुमची पोस्ट वाचून रात्री ड्युटीवर चहा गार झाला माझा.

डॉ. अर्धवट
पाटलांच्या माणसासाठी एक भर. समजा त्याला घरातच हौदात बुडवून मारलं आणि मग नदीत टाकलं. बुडून मेलाय हे खरंच, फेस पण असेल. पण हौदात बोअरचं पाणी. जमिनीखाली ऊन नसतं, त्यामुळे त्यात डायटम नावालाच. आणि तापीचं पुराचं पाणी काळ्या मातीनं दाट, नुसतं शैवाल आणि गाळ. बुडून मेलेला माणूस, आणि श्वासनळीत गाळाचा कण नाही. असा रिपोर्ट माझ्या टेबलावर आला तर मी ठाण्याला फोन करीन.

तितूर
आता दोन कादंबऱ्या झाल्या. तापीवाली आणि अमेरिकावाली. पहिली कोणती?

अमेरिकेतली अहिराणी
अमेरिकावाली सोडू नका हो, तिच्यात अजून एक गोष्ट आहे जी मला आज भांडी घासताना सुचली आणि साबणाच्या हातानं टाइप करतेय. फुलीवरची तारीख. अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो. 6 सप्टेंबरला आलेलं पथक 9-6 लिहिणार. तुमच्या खुन्यानं घाईत, अंधारात, होडीत उभं राहून काय लिहिलं असेल? 6-9. तिकडच्या नजरेला ते 9 जून. जूनमध्ये कुठलं वादळ, कुठलं पथक? शेकडो घरांवर फुल्या, त्यात एकाच घराची तारीख उलटी.

शेवभाजी
आ????

वकीलसाहेब
मोटेलवाला.

केळीवाला रावेर
आपलाच निघाला हो शेवटी.

तापीकाठचा
ताई मी उठून उभा राहिलोय. आठ महिने मलाच माहीत नव्हतं. वीस वर्षं तिकडे राहिला, उच्चार बदलला, नाव अर्धं केलं, पण घाबरल्यावर हात शाळेतल्यासारखाच चालला. शिवाय 23 सप्टेंबरला रीटा नावाचं दुसरं हरिकेन जवळ आलं तेव्हा लोअर नाइन्थमध्ये दुसऱ्यांदा पाणी शिरलं, त्याला वाटलं असणार की फुली पण पुसली गेली असेल. पाणी खालूनच गेलं, दाराच्या वरच्या अंगाची तारीख तशीच. मी ती फुली वर मारायला लावतो, होडीत उभा होता ना.

पाटाचं पाणी
पाण्याची पातळी दोन्ही वेळची तपासून घ्या, नाहीतर परत मीच लिहीन इथं.

वादळवेल्हाळ
रीटाच्या वेळी पाणी पहिल्यापेक्षा कमी होतं. चालेल.

सुरतकर खान्देशी
मोटेलवाल्याच्या घरी शनिवारी कळण्याची भाकरी आणि ठेचा होऊ द्या एकदा. नाहीतर तो खान्देशी आहे हे फक्त तुम्ही सांगितलं म्हणून.

तापीकाठचा
होणार. पाटील, अजून एक विचारायचं होतं. ती करदोड्याची किल्ली मी घेऊ का गोष्टीत? तापीवाल्या गोष्टीत, दुसऱ्या. तुमची परवानगी असेल तरच. आणि त्या किल्लीचं पुढं काय झालं?

पोलीस पाटील (खरोखरचा)
मुद्देमालात जमा झाली. पुढं माहीत नाही. घ्या, फक्त गाव बदला आणि नदीचं वळण पण बदला, इथले लोक लगेच ओळखतात. आणि दुसऱ्या धाग्यावर तुम्ही बॅटरीच्या उजेडात पंचनामा दाखवलाय तो बदला. मुडदा रात्री सापडला तर आम्ही दोघं-तिघं काठावर शेकोटी करून कुत्री हाकत बसतो, उजाडल्यावरच लिहितात.